होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, माँट ब्लँक, फ्रान्स) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक आणि भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्यांच्या वैज्ञानिक जीवनाचा पूर्वार्ध मात्र विश्वकिरण आणि मूलकण यांच्या सैद्धांतिक अभ्यासात गेला. सापेक्षता सिद्धांत आणि पुंजयामिकी या दोहोंच्या अटी एकाच वेळी पाळणारा मूलकणांचा सिद्धांत कमीत कमी कोणत्या गृहीतकांवर उभा करता येईल, हा त्या अभ्यासातील सर्वांत मूलगामी प्रश्न होता. या प्रश्नावरील त्यांचे लेखन १९४० च्या दशकातील असून पुढे विकसित झालेल्या स्वयंसिद्धकाधिष्ठित पुंज क्षेत्र सिद्धांताच्या पूर्वेतिहासात त्याला स्थान आहे.

बालपण आणि शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. त्यांचे आजोबा होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात महानिरीक्षक होते, तर वडील जहांगीर भाभा हे ऑक्सफर्ड येथे शिकलेले वकील होते. आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला असल्यामुळे टाटा घराण्याशी भाभा कुटुंबाचा निकटचा संबंध होता. घरातील समृद्ध ग्रंथसंग्रह आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका यांमुळे विज्ञान, चित्रकला आणि संगीत या तिन्ही विषयांची गोडी त्यांना बालवयातच लागली.

त्यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेत झाले. त्यानंतर एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून १९२७ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि परतल्यावर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. केंब्रिजमध्ये मात्र भाभा यांचे मन भौतिकी आणि गणिताकडे ओढले गेले. आपण अभियंता होण्यासाठी जन्मलो नसून भौतिकी हेच आपले कार्यक्षेत्र आहे, हे त्यांनी पत्राद्वारे वडिलांना कळवले. वडिलांनी एक अट घातली: अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या अभ्यासासाठी ते पुन्हा खर्च करतील. भाभा यांनी १९३० मध्ये अभियांत्रिकीची आणि १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा, अशा दोन्ही परीक्षा प्रथम वर्गात पूर्ण केल्या.

केंब्रिजमधील संशोधन

भाभा संशोधनाकडे वळले तो काळ भौतिकीतील मोठ्या उलथापालथीचा होता. वर्नर हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या पुंजयामिकीत कणाचे स्थान आणि संवेग या राशींचा गुणाकार क्रमनिरपेक्ष राहिला नव्हता. दोन संख्यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी उत्तर तेच येते, हा शालेय गणितातील नियम येथे लागू पडत नाही. स्थान गुणिले संवेग आणि संवेग गुणिले स्थान यांत एक ठरावीक फरक उरतो. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे सापेक्षतेशी सुसंगत असे समीकरण दिले आणि त्यातून पॉझिट्रॉनचे अस्तित्व सूचित झाले. डिरॅक केंब्रिजमध्येच अध्यापन करत होते व त्यांच्या विचारांचा भाभा यांच्यावर खोल परिणाम झाला.

भाभा यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय विश्वकिरणांचे शोषण हा होता. शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांनी झुरिक येथे वोल्फगांग पाउली आणि रोम येथे एन्रिको फर्मी यांच्याकडे काम केले. १९३४ मध्ये त्यांना आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती मिळाली आणि १९३५ मध्ये राल्फ फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. पदवी संपादन केली.

या काळातील त्यांची तीन कामे विशेष महत्त्वाची मानली जातात. पहिले, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर प्रकीर्णनाचे गणित (१९३६). ही प्रक्रिया आज भाभा प्रकीर्णन या नावाने ओळखली जाते आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या त्वरकांमध्ये शलाकांची तीव्रता मोजण्यासाठी तिचा नित्य उपयोग होतो. दुसरे, वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत मांडलेला विश्वकिरण वर्षावांचा सिद्धांत (१९३७). अतिउच्च ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की तो प्रकाशकण उत्सर्जित करतो, त्या प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते, ती जोडी पुन्हा प्रकाशकण उत्सर्जित करते आणि अशा साखळीतून कणांचा वर्षाव होतो, असे या सिद्धांताने दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. तिसरे, वेगवान मेसॉन कणाचे आयुर्मान सापेक्षतेच्या नियमानुसार वाढलेले दिसले पाहिजे, हे १९३८ मधील प्रतिपादन. ते पुढे प्रयोगांनी खरे ठरले.

बंगळूरमधील वर्षे

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे केंब्रिजला परतणे लांबणीवर पडले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रपाठकपद स्वीकारले. तेथील भौतिकी विभागाची धुरा चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे होती. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या अर्थसाहाय्यातून भाभा यांनी तेथे विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले आणि १९४२ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले.

युद्धामुळे परदेशातील सहकाऱ्यांशी संपर्क तुटला होता आणि मोठी प्रायोगिक साधने मिळणे कठीण होते. या परिस्थितीत त्यांचे लक्ष अधिकाधिक मूलभूत प्रश्नांकडे वळले. इलेक्ट्रॉन हा बिंदुरूप मानला तर त्याच्या स्वतःच्या क्षेत्राची ऊर्जा अनंत येते, ही त्या काळच्या सिद्धांतातील मोठी अडचण होती. डिरॅक यांनी १९३८ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी या अडचणीतून काढलेली वाट भाभा यांनी परिवलन असलेल्या कणांपर्यंत आणि मेसॉन क्षेत्रापर्यंत नेली. हर्बर्ट कॉर्बन यांच्यासमवेत लिहिलेला १९४१ चा निबंध याच मालिकेतील होय. १९४३ मध्ये अलाहाबादहून हरीश-चंद्र हे तरुण संशोधक त्यांच्याकडे आले आणि दोघांनी बिंदुकणांच्या सिद्धांतावर एकत्र काम केले.

मूलकणांची समीकरणे आणि गृहीतके

परिवलन, ज्याला स्पिन असेही म्हणतात, हा मूलकणाचा अंगभूत गुणधर्म असून त्याचे मूल्य ०, १/२, १, ३/२ असे ठरावीक टप्प्यांनीच असू शकते. डिरॅक यांचे समीकरण १/२ परिवलनाच्या कणांना लागू पडते. ० व १ परिवलनाच्या कणांसाठी डफिन आणि केमर यांनी त्याच धाटणीची समीकरणे दिली होती. त्याहून अधिक परिवलनाच्या कणांसाठी पाउली व फिर्त्झ यांनी १९३९ मध्ये सिद्धांत मांडला, परंतु त्यात मूळ समीकरणाखेरीज काही पूरक अटी बाहेरून घालाव्या लागत. कण मोकळा असेपर्यंत या अटी निरुपद्रवी असत. तो विद्युतचुंबकीय क्षेत्रात आला की मात्र अटी आणि समीकरण यांचा मेळ राखणे अवघड होई.

भाभा यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने पाहिले. कोणत्याही पूरक अटी न घालता, कणाचे सर्व वर्तन डिरॅक यांच्या समीकरणासारख्या एकाच प्रथम कोटीच्या समीकरणातून निघाले पाहिजे, हे त्यांनी पहिले गृहीतक म्हणून स्वीकारले. अशा समीकरणात चार आव्यूह, म्हणजे संख्यांच्या चौकोनी मांडण्या, येतात. आव्यूहांचा गुणाकारही क्रमनिरपेक्ष नसतो. दोन आव्यूहांचे गुणाकार उलटसुलट क्रमाने केल्यावर उरणारा फरक हा सापेक्षतेतील एखाद्या परिभ्रमणाचा किंवा वेगबदलाचा जनक असावा, असे भाभा यांनी मानले. यामुळे चार आव्यूह आणि सापेक्षतेचे सहा जनक मिळून दहा राशींचे एक बंदिस्त कुटुंब तयार होते. हे कुटुंब गणितात पंचमितीय अवकाशातील परिभ्रमणांच्या गटाशी जुळणारे आहे. या गटाचे सर्व आविष्कार गणितज्ञांना ठाऊक असल्यामुळे संभाव्य समीकरणांची यादीच समोर आली. डिरॅक आणि डफिन-केमर यांची समीकरणे त्या यादीतील सुरुवातीच्या नोंदी ठरली. हा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील समीकरणांना भाभा समीकरणे असे नाव पडले.

या साध्या गृहीतकांचे परिणाम अनपेक्षित होते. परिवलन १ पर्यंत असलेल्या कणांसाठी सर्व काही परिचित स्वरूपात मिळत होते. ३/२ परिवलनाच्या कणाला मात्र एकाऐवजी दोन वस्तुमाने असावी लागत आणि त्यांचे प्रमाण १ : ३ असे निघे. परिवलन वाढेल तशी वस्तुमानांची संख्या वाढे. शिवाय १ पेक्षा अधिक परिवलन असताना ऊर्जा किंवा विद्युतभार यांचे चिन्ह निश्चित राहत नसे. याचा अर्थ असा की, पूरक अटी नकोत, वस्तुमान एकच असावे आणि ऊर्जा-विद्युतभाराच्या चिन्हासंबंधीच्या नेहमीच्या अटीही पाळल्या जाव्यात, या तिन्ही अपेक्षा अधिक परिवलनाच्या कणांसाठी भाभा यांच्या चौकटीत एकत्र नांदत नव्हत्या.

१९४९ मध्ये भाभा यांनी मूलकणांच्या सिद्धांताच्या गृहीतकात्मक पायावर स्वतंत्र निबंध लिहिला. सिद्धांतात आपण नेमके काय मानून चालतो, त्यातील कोणते विधान कोणत्या निष्कर्षाला कारणीभूत होते आणि कोणते सोडले तर काय शिल्लक राहते, याची छाननी हा त्याचा विषय होता. भूमितीत प्रमेयांआधी गृहीतके मांडण्याची जी शिस्त आहे, ती मूलकणांच्या सिद्धांताला लावण्याचा हा प्रयत्न होता.

हरीश-चंद्र यांनीही सापेक्षतेशी सुसंगत तरंग समीकरणांवर काम केले. १९४५ मध्ये ते डिरॅक यांच्याकडे केंब्रिजला गेले. पुढे ते भौतिकीकडून शुद्ध गणिताकडे वळले आणि गटांच्या आविष्कारांच्या सिद्धांतातील विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितज्ञांपैकी एक ठरले.

नंतरच्या सिद्धांतांशी संबंध

भाभा यांच्या निबंधानंतर दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हार्टलँड स्नायडर यांनी पुंजित अवकाश-कालाची कल्पना मांडली. क्षेत्र सिद्धांतातील अनंत राशी टाळण्यासाठी त्यांनी स्थान व काल यांचे निर्देशकच क्रमनिरपेक्ष नसलेल्या राशी मानले. अशा अवकाशात दोन निर्देशक एकाच वेळी अचूक सांगता येत नाहीत आणि लांबीला एक किमान मर्यादा येते. तरीही विशिष्ट सापेक्षतेची सममिती अबाधित राहते. स्नायडर यांच्या रचनेत दोन निर्देशकांच्या उलटसुलट गुणाकारांतील फरक हा सापेक्षतेतील परिभ्रमणांच्या जनकांच्या प्रमाणात असतो. भाभा यांनी आपल्या चार आव्यूहांसाठी मानलेला संबंध याच घडणीचा होता. दोघांचे हेतू भिन्न होते: भाभा कणांचे वर्गीकरण शोधत होते, तर स्नायडर अवकाश-कालाचे स्वरूप. दोन्ही ठिकाणी गणित मात्र पंचमितीय परिभ्रमणांच्या त्याच परिवारातील आहे.

१९५० च्या दशकात आर्थर वाइटमन यांनी पुंज क्षेत्र सिद्धांताची स्वयंसिद्धके काटेकोर गणिती भाषेत मांडली. सापेक्षतेची सममिती, ऊर्जेचे धनत्व आणि स्थानिकता ही त्यांतील प्रमुख होत. प्रकाशानेही परस्परांपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या दोन घटनास्थळांवरील मापने एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत, असे स्थानिकतेचे स्वयंसिद्धक सांगते. १९६४ मध्ये रुडॉल्फ हाग आणि डॅनियल कास्टलर यांनी याच विचाराची दुसरी मांडणी केली. अवकाश-काल क्रमनिरपेक्ष नसेल तर बिंदू ही संकल्पनाच धूसर होते आणि दोन बिंदू परस्परांपासून अलग आहेत, या विधानाला स्पष्ट अर्थ उरत नाही. म्हणून अशा अवकाश-कालावर स्थानिकतेचे स्वयंसिद्धक नव्याने लिहावे लागते. १९९५ मध्ये डॉप्लिकर, फ्रेडनहागन आणि रॉबर्ट्स यांनी गुरुत्वाकर्षण व अनिश्चितता यांच्या एकत्रित विचारातून अशा अवकाश-कालाची मांडणी केल्यानंतर या विषयाला पुन्हा चालना मिळाली.

भाभा समीकरणांकडेही संशोधक पुन्हा वळले. १९६९ मध्ये व्हेलो व झ्वांझिगर यांनी अधिक परिवलनाच्या प्रचलित समीकरणांत, कण विद्युतचुंबकीय क्षेत्रात असताना, प्रकाशापेक्षा वेगवान प्रसार उद्भवतो असे दाखवले. त्यानंतर १९७० च्या दशकात क्रायचिक आणि नीटो यांनी भाभा समीकरणांचा सविस्तर अभ्यास करून ती या दोषापासून मुक्त असल्याचे दाखवले. एकाहून अधिक वस्तुमाने ही त्यांची मोठी उणीव समजली जात होती. कार्यकारणभाव राखण्याच्या बाबतीत मात्र ती प्रचलित समीकरणांहून सरस ठरली.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१२ मार्च १९४४ रोजी भाभा यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकीच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थेचा प्रस्ताव मांडला. भारतातील होतकरू संशोधकांना परदेशी जावे लागू नये आणि अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी हिरोशिमाची घटना घडायची होती. प्रस्ताव मान्य झाला आणि १ जून १९४५ रोजी बंगळूर येथे संस्थेचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ती मुंबईत आली. १९ डिसेंबर १९४५ रोजी पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात मुंबईचे राज्यपाल सर जॉन कॉल्व्हिल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुंबई सरकारनेही तिच्या खर्चाचा वाटा उचलला. १९४९ मध्ये संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्यातील सध्याच्या वास्तूची पायाभरणी १९५४ मध्ये व उद्घाटन १९६२ मध्ये, दोन्ही पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

संस्था उभारताना आधी माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा, हे भाभा यांचे धोरण होते. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे प्रारंभापासून संस्थेत होते व १९६२ पर्यंत तेथे राहिले. के. चंद्रशेखरन यांनी गणित विभागाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळवून दिला. एम. जी. के. मेनन, भालचंद्र माधव उदगावकर, ई. सी. जी. सुदर्शन यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ तेथे घडले. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९६३ मध्ये संस्थेत आले. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण हे त्यांनी सुरू केलेल्या कार्याचेच पुढचे फळ होय.

अणुऊर्जा कार्यक्रम

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोगाची स्थापना होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच वर्षी निर्माण झालेल्या अणुऊर्जा विभागाचे ते सचिव झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भारतातील पहिली अणुभट्टी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. भारतात युरेनियमचे साठे मर्यादित आणि केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल, हे लक्षात घेऊन त्यांनी तीन टप्प्यांचा वीजनिर्मिती कार्यक्रम आखला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम, दुसऱ्यात त्यातून मिळालेले प्लुटोनियम आणि तिसऱ्यात थोरियमपासून तयार होणारे युरेनियम वापरायचे, असा त्याचा क्रम आहे. देशातील पहिल्या अणुविद्युत केंद्रासाठी त्यांच्याच कारकिर्दीत तारापूरची निवड झाली. ते १९६९ मध्ये सुरू झाले.

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावरील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९६४ मधील चीनच्या अणुचाचणीनंतर त्यांनी आकाशवाणीवरील भाषणात अण्वस्त्रांच्या खर्चाचे अंदाज मांडले. त्यामुळे देशात अण्वस्त्रांविषयी सुरू झालेल्या चर्चेला जोर आला.

या जबाबदाऱ्या वाढत गेल्या तसे त्यांचे स्वतःचे सैद्धांतिक लेखन कमी झाले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धानंतर ते जवळजवळ थांबले. १९४९ च्या निबंधात उपस्थित केलेल्या प्रश्नांकडे ते स्वतः पुन्हा विस्ताराने वळू शकले नाहीत.

व्यक्तिमत्त्व

भाभा अविवाहित होते. त्यांनी रेखाटलेली व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे प्रसिद्ध आहेत. टाटा संस्थेच्या भिंतींवर समकालीन भारतीय चित्रकारांच्या कृती लावण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र त्याच संग्रहात आहे. इमारतींची रचना, बागांची आखणी आणि वृक्षांची निवड यांतही ते जातीने लक्ष घालत.

मृत्यू

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्स पर्वतातील माँट ब्लँक शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. मृत्युसमयी भाभा ५६ वर्षांचे होते. विमानाच्या स्थानाविषयी वैमानिक आणि जिनिव्हाचा नियंत्रण कक्ष यांच्यात झालेल्या गैरसमजामुळे अपघात घडला, असा निष्कर्ष फ्रान्समधील चौकशीत निघाला. अपघातामागे घातपात असल्याचे तर्क नंतर प्रसिद्ध झाले, परंतु त्यांना पुष्टी मिळालेली नाही.

सन्मान आणि वारसा

भारत सरकारने १९५४ मध्ये भाभा यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १९६७ मध्ये तुर्भे येथील प्रतिष्ठानाला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शालेय विज्ञान व गणिताच्या अध्यापनावर संशोधन करते. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या मंडळातर्फे घेतली जाणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा महाराष्ट्रातील शाळांमध्ये परिचित आहे.

भाभा यांच्या सैद्धांतिक कार्यापैकी प्रकीर्णनाचे गणित आणि विश्वकिरण वर्षावांचा सिद्धांत आज पाठ्यपुस्तकांचा भाग आहेत. मूलकणांच्या समीकरणांविषयीचे त्यांचे कार्य तुलनेने कमी परिचित आहे, कारण निसर्गातील कणांनी त्यांच्या यादीतील वरच्या नोंदींचे अनुकरण केल्याचे आढळले नाही. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न जिवंत आहे. परस्परांवर क्रिया करणाऱ्या कणांचा, चार मितींतील अवकाश-कालावर सर्व स्वयंसिद्धके पाळणारा एकही पुंज क्षेत्र सिद्धांत अद्याप काटेकोरपणे रचता आलेला नाही. क्रमनिरपेक्ष नसलेल्या अवकाश-कालावर तर स्वयंसिद्धके कोणती असावीत, याविषयीच एकमत व्हायचे आहे.